इंजिनिअरिंग मॅनेजरची मनासारखी नोकरी कशी असावी, आणि ती कोल्हापुरात बसून जमेल का?

राजारामपुरीकर

डेव्हलपर, मग टेक लीड (टीमचे तांत्रिक निर्णय घेणारा), मग इंजिनिअरिंग मॅनेजर अशा वाटेनं आलेल्या माणसाला मुलाखतीत हमखास विचारतात, की तुम्हाला कसलं काम आवडेल? बरेच जण पगार नि कंपनीचं नाव सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल वाद घाला.

टीम सहा ते आठ जणांची, त्यावर एक नको. आठ जणांत बोलायच्या जोड्या २८ होतात, बारा झाले की ६६, म्हणजे माणसं दीडपट आणि एकमेकांना सांगत बसायचं काम दुपटीच्या वर. आयबीएमच्या ओएस/३६० ह्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सनं १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो, तरी आपल्याकडं रिलीज लांबली की पहिला उपाय काय, तर बेंचवरची, म्हणजे प्रोजेक्टविना बसून असलेली, चार पोरं आणून बसवा. त्यांना शिकवायचं कुणी? ज्यांच्याकडं आधीच काम तुंबलंय त्यांनीच.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, अधिकार. टीममध्ये कुणाला घ्यायचं ह्यात शेवटचा शब्द माझा पाहिजे, आणि ह्या तिमाहीत काय *करायचं नाही* हे ठरवताना प्रॉडक्टवाल्यांच्या बरोबरीनं मी बसलेला पाहिजे. जबाबदारी माझ्या अंगावर आणि निर्णय तिसऱ्याच कुणाचा, अशा जागी मॅनेजर फक्त जिरा नावाच्या सॉफ्टवेअरमधली कामाची तिकिटं इकडची तिकडं करतो आणि संध्याकाळी रिपोर्ट पाठवतो. पगार कितीही असला तरी मला तसलं नको.

कोडपासून लांब जायचं नाही. रोज थोडा रिव्ह्यू (दुसऱ्याचा कोड तपासणं), एखादा बारका बग, टेस्टचं काम, हे माझ्या हातनं व्हावं. पण रिलीज ज्याच्यावर अडेल असलं काम मी घ्यायचं नाही, कारण दुपारी तीन मीटिंगा आल्या की ते लोंबकळणार आणि टीम माझी वाट बघत बसणार. तालमीत वस्ताद स्वतः हौद्यात उतरून डाव दाखवतो तेव्हाच पट्ठ्याच्या अंगात तो डाव उतरतो, मला तसला मॅनेजर व्हायचंय.

अप्रेझलमध्ये बेल कर्व्ह नको. सात जणांतला एक काहीही झालं तरी खाली ढकलायचाच, हे मी कुणाच्या तोंडावर सांगू शकत नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये ती पद्धत बंद केली, आपल्याकडं काही ठिकाणी अजून चालू आहे.

आणि हे सगळं कोल्हापुरातनं. केआयटी, डी. वाय. पाटील, विद्यापीठ, सगळीकडनं दर वर्षी चांगली पोरं बाहेर पडतात आणि सरळ पुण्याची गाडी धरतात. त्यातली चार जरी माझ्या टीममध्ये इथं बसली तरी मला दुसरं काय पाहिजे.

उद्यमनगर

अधिकाराचं पटलं. कोडचं अजिबात नाही.

मॅनेजर कोड लिहायला लागला की रिव्ह्यूमध्ये त्याला "हे चुकलंय" म्हणायची ज्युनिअरची हिंमत होत नाही, मग तो कोड तसाच आत जातो. वर तुम्ही सोपी सोपी कामं उचलणार, आणि ती खरं तर नवीन आलेल्याची असतात, तो त्यावरच शिकतो. गूगलनं स्वतःच्याच मॅनेजर लोकांचा अभ्यास केला होता, प्रोजेक्ट ऑक्सिजन म्हणून, त्यात चांगल्या मॅनेजरची आठ लक्षणं निघाली. पहिल्या नंबरला काय, तर तो माणसाला नीट शिकवतो, घडवतो. टेक्निकल ज्ञान आठव्या नंबरला. इंजिनिअर लोकांची कंपनी असून.

आणि वस्तादाचंच म्हणाल तर खासबागेत कुस्ती लागते तेव्हा तो बाहेर बसलेला असतो दादा. बाहेर असतो म्हणूनच त्याला दिसतं की पट्ठ्याचा पाय कुठं चुकतोय. माझ्या दृष्टीनं मनासारखी नोकरी म्हणजे आठवड्याला प्रत्येकाबरोबर अर्धा तास नीट वन-ऑन-वन, त्यात स्टेटस विचारायचं नाही, ते बोर्डावर दिसतंच. माणूस कशात अडकलाय, त्याला पुढं काय व्हायचंय, घरी काय चाललंय, हे ऐकायचं. बाकी वेळ टीमच्या वाटेतले दगड काढायचे. ह्यात कोडला वेळ उरतच नाही आणि उरला तर वन-ऑन-वन नीट होत नाहीत असं समजा.

पुण्यातली_कोल्हापूरकर

राजारामपुरीकर, तुमची यादी वाचायला छान आहे पण ती स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रॉडक्ट कंपनीतल्या मोजक्या लोकांची आहे. सर्व्हिस कंपनीत माणसं किती ठेवायची हे क्लायंटच्या बिलिंगवर ठरतं, तिथं माझ्यासारखीकडे पंधरा-वीस जण असतात आणि त्यातले निम्मे माझ्या आधी कुणीतरी घेतलेले. तरीही मला हे काम मनापासून आवडतं, कारण बेंचवर सहा महिने बसून खचलेल्या मुलीला योग्य प्रोजेक्टवर टाकलं आणि वर्षभरात ती क्लायंटशी स्वतः बोलायला लागली, ह्यासारखं समाधान मला कोडमध्ये कधीच मिळालं नाही. सगळे अधिकार हातात आले की मग चांगलं काम करीन असं म्हणत राहिलं तर आहे त्या जागी माणसांसाठी काहीच होत नाही.

कोल्हापूरचं तर मला काळजीपोटी सांगायचंय. मीही तिथलीच आहे, परत यायचं मलाही आहे. पण ज्या चार मुलांना तुम्ही इथं बसवणार त्यांचं पुढं काय? तुमची कंपनी उद्या आवरली तर पुण्यात तो मुलगा महिन्याभरात दुसरीकडे लागतो, कोल्हापुरात त्याला तसल्या कंपन्या किती आहेत? करिअरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत आजूबाजूला तुमच्याशिवाय आणखी दहा सिनिअर दिसायला हवेत, वेगवेगळ्या पद्धतीनं काम करणारे. आणि २०१९ ला, परत २०२१ ला महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता हे विसरू नका, क्लायंट असल्या गोष्टी लक्षात ठेवतो.

पंचगंगा_घाट

मला मूळ प्रश्नच पडतोय की मॅनेजर पाहिजेच कशाला? चांगले इंजिनिअर घ्या, त्यांच्यावर विश्वास टाका, विषय संपला. माझी आतापर्यंतची सगळ्यात चांगली कामं मॅनेजर सुट्टीवर असताना झालीत.

राजारामपुरीकर

@पंचगंगा_घाट भावा, ते गूगलनं करून बघितलंय, २००२ मध्ये. इंजिनिअरिंग मॅनेजर काढूनच टाकले. काही महिन्यांत गुंडाळावं लागलं, कारण खर्चाच्या पावत्या आणि दोघांतली भांडणं घेऊन माणसं थेट संस्थापक लॅरी पेजकडं जायला लागली. मॅनेजर सुट्टीवर असताना काम चांगलं होतं ते त्यानं आधी वाट मोकळी करून ठेवलेली असते म्हणून, निदान चांगल्या मॅनेजरच्या बाबतीत तरी.

@उद्यमनगर आठवा नंबर म्हणजे बिनकामाचं असं नव्हे, आठांत ते आलंय हेच मी म्हणतोय. रात्री प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरतात ती चालू सिस्टिम, बंद पडलं आणि कॉलवर पाच जण पाच कारणं सांगायला लागले, तर कुणाचं ऐकायचं हे मला कोड माहीत असल्याशिवाय कसं कळणार? इस्टिमेट फुगवलंय की खरंच तेवढं काम आहे हे कसं कळणार? ज्युनिअरचं काम ओढून घेऊ नये हे मात्र बरोबर, टेस्ट आणि टूलिंगपुरतंच ठेवावं.

@पुण्यातली_कोल्हापूरकर ताई, पुराचं म्हणाल तर चार इथं, दोन पुण्यात, एक नागपुरात अशी टीम असली की एका गावात लाईट गेली म्हणून काम थांबत नाही. सगळे एकाच इमारतीत हे जास्त धोक्याचं. खरं पोरांच्या पुढच्या नोकरीचा मुद्दा मला खोडता येत नाही. तरी कुणीतरी आधी इथं टीम उभी केल्याशिवाय दुसरी कंपनी येणार कशी? पहिल्यानं यायचंच नाही म्हटलं तर हे गाव कायम पुण्याला पोरं पुरवतच राहणार.

शाहूपुरी_५

मी डेव्हलपर आहे, तीन वर्षं झाली, कागलहून रिमोट. मॅनेजरच्या बाजूनं सगळं चाललंय म्हणून आमचं पण सांगतो. माझ्या पहिल्या मॅनेजरला कोड यायचा नाही आणि दुसऱ्याला भरपूर यायचा, दोघांत फरक मला त्याच्यामुळं जाणवलाच नाही. फरक कशात पडला तर रात्रीच्या कॉलमध्ये. क्लायंट न्यूयॉर्कचा, त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, आणि पहिल्या ठिकाणी रोज साडेनऊला सगळी टीम कॉलवर, एकटा बोलणार बाकी सहा म्यूटवर. घरात जेवायची ताटं वाढून ठेवलेली असायची. दुसऱ्यानं आल्या आल्या सांगितलं की कॉलवर मी आणि ज्याचं काम तो, बाकीच्यांनी लिहून पाठवा. ऑन-कॉलच्या, म्हणजे बिघाड झाला तर रात्री उठायच्या, पाळीत त्यानं स्वतःचं पण नाव घातलं, मग रात्री उठवणारे फालतू अलर्ट बघता बघता कमी झाले, कारण आता त्याची पण झोप मोडत होती.

तुमच्या यादीत वेळेचं काहीच नाही राजारामपुरीकर. कोल्हापुरात बसून न्यूयॉर्कच्या घड्याळावर जगायचं असलं तर रंकाळा जवळ असून काय उपयोग?

उद्यमनगर

@शाहूपुरी_५ लाख बोललास. आणि बघा, त्याच्या दुसऱ्या मॅनेजरनं हे कोड लिहून केलं नाही, स्वतःचं नाव पाळीत घालून केलं. @राजारामपुरीकर रात्रीच्या कॉलवर पाचांतलं कुणाचं ऐकायचं, हे ठरवायला टेक लीड असतो. तो निर्णय तुम्ही घेत राहिलात तर तुमचा टेक लीड कधी तयार व्हायचा?

पुण्यातली_कोल्हापूरकर

वेळेचा मुद्दा शंभर टक्के. माझ्या टीममधल्या दोघींनी लहान मुलं आहेत म्हणून बढती नाकारली, कारण वरच्या पदाला रात्रीचे कॉल चिकटलेले. हे बदलायचं म्हटलं तर आधी क्लायंटला नाही म्हणणारा मॅनेजर पाहिजे, आणि त्या नाहीमागं उभी राहणारी कंपनी पण पाहिजे.

आणि राजारामपुरीकर, पहिल्यानं यायलाच हवं हे ऐकून मला बरं वाटलं. पण मग फ्रेशर आणू नका. आठ-दहा वर्षं पुण्यात काढलेले, आईवडिलांसाठी परत येऊ बघणारे सिनिअर आमच्याकडे ढिगानं आहेत, कंपनी बंद पडली तरी ते रिमोट काम शोधू शकतात. आधी त्यांना बसवा, फ्रेशर त्यांच्या हाताखाली घ्या.

राजारामपुरीकर

हे मान्य, चार फ्रेशरच्या जागी दोन सिनिअर आणि दोन फ्रेशर. वेळेचं पण यादीत घालतो, रात्री साडेआठनंतर टीमला कॉल नाही, ऑन-कॉलच्या पाळीत माझं नाव. @उद्यमनगर टेक लीडचं बरोबर आहे, निर्णय त्याचा. खरं तो निर्णय चुकतोय हे मला दिसलं पाहिजे, म्हणून रिव्ह्यू वाचणं मी सोडणार नाही.

उद्यमनगर

वाचा की, वाचायला कोण नको म्हणतंय. कमेंट फक्त टेक लीडनंतर टाका.