८६४ अणू आणि अनीसुर रहमान

घनपदार्थांची सिम्युलेशन्स (म्हणजे संगणकावर त्यांच्या अणूंच्या हालचालींची नक्कल) करणाऱ्याचं करिअर म्हणजे शेवटी कोडिंगच, असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ अनीसुर रहमान यांचंच बघा ना. जन्म हैदराबादचा, १९२७ चा. केंब्रिज, मग बेल्जियममध्ये पीएचडी, उस्मानियात शिकवणं आणि १९६० मध्ये शिकागोजवळची अरगॉन प्रयोगशाळा.

१९६४ च्या त्यांच्या पेपरात द्रवरूप आर्गॉन वायूचे जेमतेम ८६४ अणू आहेत. प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांचं बल किती ते काढायचं, सगळ्यांना एक इवलंसं पाऊल पुढे सरकवायचं, पुन्हा तेच. हे अणू एका काल्पनिक डब्यात असतात; उजव्या बाजूने बाहेर पडलेला अणू डावीकडून आत येतो, म्हणजे भिंतींची भानगडच नको! बल अंतरानुसार झपाट्याने कमी होतं, म्हणून ठरावीक अंतरापलीकडचे अणू हिशेबात धरायचेच नाहीत. काय सोडलं तर चालेल हे ठरवायला भौतिकशास्त्रच लागतं; कोड काय, कोणीही लिहील (बरं, सीडीसी ३६०० या त्या काळच्या संगणकावर कोणीही नाही). उत्तरं प्रयोगांशी छान जुळली.

पुढे १९७१ मध्ये स्टिलिंजर या शास्त्रज्ञाबरोबर पाण्याचं सिम्युलेशन. १९८० च्या सुमारास पारिनेलो या शास्त्रज्ञाबरोबर तर त्यांनी डब्याचा आकारच बदलता ठेवला, त्यामुळे दाबाखाली स्फटिकाची रचना बदलताना संगणकावर पाहता येऊ लागली. माझ्या मते हे त्यांचं सगळ्यात देखणं काम. १९८७ मध्ये ते गेले. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा संगणकीय भौतिकशास्त्राचा पुरस्कार आज त्यांच्याच नावाने दिला जातो.