सहा मीटरच्या मिनारावरून थेट घटनादुरुस्ती? युरोपातल्या मशीद-वादांबद्दल

आडवाट
स्वित्झर्लंडमध्ये सोलोथुर्न कॅन्टनात (कॅन्टन म्हणजे तिथलं राज्य) वांगेन बाय ओल्टेन हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. तिथल्या तुर्की मंडळाने 2005 मध्ये आपल्या इमारतीवर साधारण 6 मीटरच्या मिनाराची परवानगी मागितली. गावाने नाकारली, प्रकरण वर गेलं, 2007 मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला आणि 2009 मध्ये मिनार उभा राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात देशभर नव्या मिनारांवर बंदी आली! कोर्टात हरलेले लोक जिंकले कसे? आणि असल्या वादांत लेखी हरकती नेहमी पार्किंग, उंची, आवाज याच का असतात? पोटात एक नि ओठात एक, असं का? परवानगीच्या टप्प्यांसकट कोणी सांगेल का?

गावठाण
आधी टप्पे. बांधकाम अर्ज गावाच्या बांधकाम समितीकडे जातो आणि हरकतींसाठी जाहीर होतो. मुदत कॅन्टनप्रमाणे वेगळी: झुरिकमध्ये 20 दिवस, बर्नमध्ये 30. आपल्या 'हरकती व सूचना' असतात तसंच, पण एक फरक मोठा आहे. तिथे परवानगी मिळायच्या आधीच जागेवर खांब रोवावे लागतात, नियोजित इमारतीच्या कोपऱ्यांवर आणि पूर्ण उंचीचे. छपराचा उतार दाखवायला वर तिरक्या पट्ट्याही ठोकतात. नकाशा कोण बघतो? खांब मात्र दूध आणायला निघालेल्यालाही दिसतो. घराच्या बाबतीत हे फार शहाणपणाचं आहे, पण मिनाराच्या बाबतीत वाद तिथूनच पेटतो.

नकार मिळाला की कॅन्टनच्या बांधकाम व न्याय विभागाकडे अपील, मग प्रशासकीय न्यायालय, मग संघीय न्यायालय. या वाटेवर प्रश्न एकच विचारला जातो: हे बांधकाम नियमात बसतं का? बसत असेल तर शेजाऱ्यांच्या नावडीला किंमत नाही. वांगेनमध्ये तेच झालं.

विरोधकांनी मग रस्ताच बदलला. वांगेनपासून जवळच्याच एगरकिंगन गावाच्या नावाने समिती निघाली आणि मे 2007 मध्ये जन-उपक्रम, म्हणजे सह्या गोळा करून प्रस्ताव थेट देशभरच्या मतदानाला नेण्याची मोहीम, सुरू झाला. घटनादुरुस्तीसाठी 18 महिन्यांत 1 लाख सह्या लागतात. त्यांनी जुलै 2008 मध्ये 1 लाख 13 हजारांवर सह्या दिल्या. असा प्रस्ताव संसदेला मोजक्याच कारणांवरून बाद करता येतो. स्वरूप आणि विषय एकच असावेत, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातले अनिवार्य नियम (छळबंदी, गुलामगिरीबंदी असले) मोडू नयेत. धर्मस्वातंत्र्याचा हक्क त्या अनिवार्य यादीत धरला गेला नाही. सरकार आणि संसद दोघांनी 'नाही म्हणा' असा सल्ला दिला, तरी 29 नोव्हेंबर 2009 ला 57.5 टक्के 'हो' आले. जनता आणि कॅन्टन असं दुहेरी बहुमत लागतं, तेही मिळालं. विरोधात गेले ते जिनिव्हा, वो, न्यूशाटेल आणि बाझेल शहर एवढेच. आता घटनेच्या कलम 72 मध्ये तिसरं उपकलम आहे: मिनार बांधण्यास बंदी. संपलं.

नकाशेवाला
पोटात एक, ओठात एक याचं कारण कायद्यातच आहे. 'मला हे लोक नकोत' ही हरकत ग्राह्यच धरली जात नाही. ब्रिटनमध्ये तर 'माझ्या घराची किंमत पडेल' हेसुद्धा नियोजनाचं कारण ठरत नाही. वाहतूक, आवाज, उंची, भूवापर हे चालतं, म्हणून लोक तेच लिहितात. पण पार्किंगला निव्वळ बहाणा समजू नका.

हिशोब करा. नमाजाला माणशी जागा साधारण 0.6 बाय 1.2 मीटर, म्हणजे 0.72 चौ.मी. 600 चौ.मी.च्या दालनात आठशेवर माणसं मावतात. खुर्च्यांच्या सभागृहासाठी ठरवलेलं पार्किंगचं प्रमाण इथे लावलं तर गर्दीचा अंदाज हमखास कमी येतो. शिवाय गर्दी आठवडाभर पसरत नाही. शुक्रवारी दुपारचा एक तास आणि दोन ईद. चांगला वास्तुविशारद शुक्रवारची गाड्यांची मोजणी, ट्राम-बसचं अंतर आणि शेजारच्या कार्यालयाशी पार्किंग वाटून घेण्याचा लेखी करार अर्जासोबतच जोडतो. हे नसलं की अर्ज इथेच अडकतो.

दुसरी खरी तक्रार रात्रीची. उत्तर युरोपात जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे रमजानची तरावीह (रात्रीची खास नमाज) मध्यरात्रीपर्यंत जाते. जर्मनीत रात्रीची शांतता 22 ते 6. 2015 ते 2018 रमजान ऐन उन्हाळ्यात होता. बहुतेक ठिकाणी अजान बाहेर ऐकूच येत नाही, म्हणजे त्रास कशाचा? नमाजानंतर फुटपाथवर रंगलेल्या गप्पा आणि गाड्यांची दारं. यावर उपाय दोनच: बाहेर पडायचं दार रस्त्याऐवजी आतल्या अंगणात काढणं, आणि चार स्वयंसेवक उभे करणं.

भूवापराची गंमत बघा. जर्मनीच्या भूवापर नियमावलीत धार्मिक इमारत सर्वसाधारण निवासी भागात चालते. कारखान्यांच्या भागात मात्र फक्त अपवाद म्हणून, प्रशासनाच्या विवेकावर. मंडळांच्या हाती पैसा कमी, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं बंद कारखाने आणि गोदामं घेतली. म्हणजे हक्काचा भाग सोडून मेहेरबानीच्या भागात गेले. मागच्या अंगणातल्या मशिदीबद्दल कोणी ब्र काढत नाही. ती रस्त्यावर आली, की नियमावली बाहेर निघते.

तिठा
पार्किंगचा आकडा हत्यार म्हणूनही वापरतात. इटलीत लोम्बार्दी प्रांताने 2015 मध्ये कायदा केला: नव्या प्रार्थनास्थळाला एकूण मजला क्षेत्राच्या किमान 200 टक्के पार्किंग, वर पोलिसांना जोडलेले कॅमेरे. कागदावर सगळ्या धर्मांना सारखा. पण चर्च आधीच उभी आहेत, नव्याने बांधायचं असतं ते कोणाला? घटना न्यायालयाने 2016 मध्ये काही कलमं उडवली आणि 2019 मध्ये वेगळ्या 'धार्मिक आराखड्या'ची (प्रार्थनास्थळांच्या जागा ठरवणाऱ्या शहर-आराखड्याची) सक्तीही.

सार्वमताबद्दल म्हणाल तर स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्ल्यानाचं उदाहरण स्वित्झर्लंडच्या बरोबर उलट. मशिदीची पहिली मागणी 1969 ची. 2004 मध्ये विरोधकांनी शहरात सार्वमत मागितलं, तेव्हा स्लोव्हेनियाच्या घटना न्यायालयाने ते होऊच दिलं नाही: अल्पसंख्याकांचा मूलभूत हक्क मतपेटीत टाकता येणार नाही. तरी कोनशिला बसायला 2013 उजाडलं आणि दार उघडायला 2020.

आडवाट
आभारी आहे. म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये मशिदीही बंद? आणि जर्मनीत कोलोनला अजान लाउडस्पीकरवर होते म्हणतात, ते कसं जमलं?

गावठाण
नाही. बंदी फक्त नव्या मिनारांवर. मशिदी बांधता येतात आणि तेव्हाचे चारही मिनार (झुरिक, जिनिव्हा, विंटरथुर, वांगेन) कायद्याने शाबूत राहिले.

नकाशेवाला
कोलोनला ते फार उशिरा जमलं. तिथल्या एरेनफेल्ड भागातली ती मशीद दितिब या तुर्की संघटनेची. मिनार 55 मीटर, आणि 'शहराची आकाशरेषा बिघडेल' ही हरकत. कॅथेड्रल 157 मीटरचं आहे आणि जवळचा टीव्ही टॉवर 266 चा, तरी! 2008 मध्ये नगरपरिषदेत मंजुरी मिळाली तेव्हा महापौर श्राम्मा यांचा स्वतःचा पक्ष विरोधात होता, महापौर बाजूने. अजान बाहेर ऐकू जाणार नाही हे तेव्हा मान्य केलेलं. पुढचा उशीर शेजाऱ्यांमुळे नाही, ठेकेदार आणि वास्तुविशारदाशी झालेल्या भांडणांमुळे. रीतसर उद्घाटन 2018 मध्ये, तेही तुर्कीचे अध्यक्ष एर्दोआन यांच्या हस्ते. त्यावरून उठलेला धुरळा मिनाराच्या वादापेक्षा मोठा होता.

अजानचा करार शहराने 2021 मध्ये वेगळा आणला: फक्त शुक्रवारी, 12 ते 15 च्या दरम्यान, जास्तीत जास्त 5 मिनिटं, शेजाऱ्यांना आधी पत्रक आणि तक्रारीसाठी एक ठरलेला माणूस. या मशिदीतली पहिली अजान 14 ऑक्टोबर 2022 ला झाली. आवाजाची मर्यादा इतकी खाली ठेवली होती, की समोरच्या फुटपाथवर ट्रॅफिकच जास्त ऐकू येतं.