बोलायला सुचत नसलं तर कामाला लागा
मित्राचे वडील गेलेत, भेटायला जायचंय पण काय बोलू सुचत नाही म्हणताय, तर नाही सुचलं तरी जावा. आपल्याकडं कोल्हापुरात रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी, तोवर घरात पाय ठेवायला जागा नसते, शेजारनं पिठलं-भाकरी येते, पंचगंगेवर अंत्यसंस्कार महापालिका मोफत करते अगदी शेणीपासून, त्यामुळं सुरुवातीला माणसं कमी पडत नाहीत. खरं घर रिकामं होतंय ते बाराव्यानंतर. पाहुणे आपापल्या गावी, पोरगं ड्युटीवर, आणि काकू एकट्याच, सवयीनं दोघांचा चहा टाकून बसलेल्या. तेव्हा जाऊन बसा.

"देवाची इच्छा", "आता तूच घरातला मोठा, रडायचं नाही" असलं तेवढं टाळा राव. काकांचा विषय काढा, मिसळीच्या कटावरनं कसे भांडायचे वगैरे, रडू आलं तर येऊ दे की. आणि "काही लागलं तर सांग" म्हटल्यावर कोण सांगत नाही हो, थेट काम उचला, मृत्यूची नोंद 21 दिवसांत झाली का बघा, दाखल्याच्या जादा प्रती काढा, बँक पेन्शन विमा सगळीकडं मागतात.

महिन्यात सावरायला पाहिजे असं मित्राचे पाहुणे म्हणतायत ते काय पटलं नाही. सहा महिने उलटून पण जेवण-झोप-काम काहीच रुळावर येत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतनं बोलता येतं, फुकट, रात्री-अपरात्री सुद्धा. जीव नकोसा झालाय असं बोलत असेल तर सहा महिने कसले, त्याच दिवशी लावा फोन.