मदत हवी आहे: ब्रिटनची एसओई आणि खडकवासला

नमस्कार मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या एसओई (स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह) या गुप्त घातपाती संघटनेच्या जन्मकथेवर लिहितोय. फ्रान्स पडल्यावर, जुलै १९४० मध्ये, तीन तुकड्या एकत्र आल्या: गुप्तहेर खात्याचा १९३८ चा घातपात विभाग, युद्धखात्यातली गनिमी युद्धाचा अभ्यास करणारी छोटी शाखा आणि परराष्ट्र खात्याचं प्रचारकेंद्र. सनदेवर सही माजी पंतप्रधान चेंबरलेन यांची, जबाबदारी आर्थिक युद्धमंत्री ह्यू डाल्टन यांची.

डाल्टन यांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. हे काम नेहमीच्या सैनिकी किंवा सरकारी यंत्रणेला जमणार नाही, आयर्लंडच्या ब्रिटिशविरोधी शिन फेन किंवा चीनच्या गनिमांसारखी चळवळ शत्रूच्या मुलखात उभी करावी लागेल, असं त्यांनी परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्सना लिहिलं होतं. म्हणजे साम्राज्य आपल्याच विरोधकांकडून धडा घेत होतं!

पण १९४१ मध्ये प्रचाराचा भाग काढून वेगळी संस्था केली. खातेनिहाय भांडणं हेच खरं कारण, की घातपात आणि प्रचार एका छताखाली चालणंच अवघड होतं? यावर नीट वाचायला काय आहे?

दुसरं, जास्त जवळचं. याच संघटनेची प्रशिक्षणशाळा आपल्या खडकवासल्याला होती. जपानव्याप्त मलायात उतरवायचे चिनी हेर, सिंगापूरचे जपानविरोधी नेते लिम बो सेंग यांचे सहकारी, तिथे तयार झाले. ती जागा नेमकी कुठे होती? सिंहगड रस्ता, धरण परिसरातल्या जुन्या घरांमध्ये आठवणी, फोटो, कागद असतील तर कृपया कळवा. आजी-आजोबांना आवर्जून विचारा.