एलीयाही खचला होता

ताई, तुम्ही तुमच्या उदासीबद्दल लिहिलंत, त्यावर ‘विश्वास पक्का असेल तर उदासी येत नाही’ असं कुणीतरी तुम्हाला लिहिलंय, ते मनाला लावून घेऊ नका. बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा अध्याय १९ वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला देवाचा संदेष्टा एलीया पुढच्याच अध्यायात रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. देवदूत भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. उपदेश नाही, आधी जेवण! मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ८८ मोठ्याने वाचा. ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, तरी प्रार्थनाच आहे. पण झोप उडाली असेल, तर डॉक्टरांनाही नक्की भेटा. आज जेवलात का?