आधी नकाशा की आधी व्हिडिओ? सहावी ते दहावीच्या तासांबद्दल

गोदाकाठ

शाळांत टीव्ही आले, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले आणि इतिहास-भूगोलाचा तास म्हणजे व्हिडिओ लावणं, अशी पद्धत रुजत चालली आहे. माझा याला विरोध आहे. ज्या धड्यात जागेला महत्त्व आहे तिथे आधी लेकरांच्या हातात नकाशा आणि पेन्सिल द्यावी. व्हिडिओ नंतर, तोही पाच मिनिटांच्या आत.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा धडा घ्या. १७ सप्टेंबरला ध्वजारोहण, भाषण, एखादी चित्रफीत, संपलं. मुलांच्या डोक्यात मात्र १९४८ सालीही आजचे आठ जिल्हेच असतात. खाली हैदराबाद संस्थानाची बाह्यरेषा व तेव्हाचे जिल्हे आणि वर ट्रेसिंग पेपरवर आजचे जिल्हे ठेवा. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या बिदर जिल्ह्यात सापडतात, किनवट आदिलाबादेत. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हे तालुके इकडे आले. जालना (१९८१), लातूर (१९८२) आणि हिंगोली (१९९९) हे जिल्हे तर फार नंतरचे. ते वेगळ्या रंगाने भरून घ्यावेत.

पुढचा प्रश्न: संस्थानाला समुद्रकिनारा होता का? नव्हता, चहूबाजूंनी भारत. मग भारतीय सैन्य कुठून येणार? १३ सप्टेंबरची मुख्य आघाडी सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. नळदुर्गच का, हे चित्रफितीतल्या रणगाड्यांवरून कळत नाही. नकाशावर तो रस्ता आणि बोरी नदी काढली की मुलं स्वतःच सांगतात.

अडतं कुठे, तर एक नकाशा पुस्तकातला, दुसरा इंटरनेटवरचा, प्रमाण निराळं, आणि मग गोदावरी दोन ठिकाणांहून वाहू लागते. पैठण, नांदेड आणि सोलापूर ही तीन ठिकाणं दोन्ही कागदांवर ठळक करावीत. ती तंतोतंत एकमेकांवर बसेपर्यंत झेरॉक्सची टक्केवारी कमी-जास्त करून घ्यावी.

विज्ञानपेटी

सर, मुक्तिसंग्रामापुरतं तुमचं मान्य. पण हाच नियम सगळ्या विषयांना लावलात तर विज्ञानाचं आणि निम्म्या भूगोलाचं नुकसान होईल. नकाशा ही खूण आहे. ज्या गोष्टीची खूण आहे ती मुलाने कधी पाहिलीच नसेल तर तो खूणच पाठ करतो.

मराठवाड्याला समुद्र नाही. हिंगोलीचं पोरगं भरती-ओहोटीची व्याख्या बिनचूक लिहितं, पण धक्क्याला बांधलेली होडी सहा तासांनी चिखलात बसलेली असते याची त्याला कल्पना नसते. अशा वेळी एकाच जागेवरून घेतलेला, कोपऱ्यात घड्याळ दिसणारा एका मिनिटाचा वेगवान व्हिडिओ आधी दाखवलाच पाहिजे. दोन भरत्यांच्या वेळा मुलांनी वहीत टिपायच्या. अंतर बारा तासांचं न येता सुमारे १२ तास २५ मिनिटांचं येतं. ही जादा पंचवीस मिनिटं कुठून आली, या प्रश्नावर चंद्राचा धडा उघडतो.

शून्य सावलीचंही, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते त्या दिवसाचंही, तेच. आपल्याकडे हा दिवस एकदा मे महिन्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांत येतो, दुपारी साडेबाराच्या आसपास. मे महिन्यात शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ. आभाळ उघडलं तर काठी रोवून अंगणातच बघावं, त्याला तोड नाही. नाही उघडलं तर चित्रीकरणाशिवाय मार्ग काय?

पद्धत मात्र पाळावी लागते. आवाज बंद ठेवायचा, निवेदन शिक्षकांनी मराठीत करायचं. घटना घडायच्या क्षणाआधी थांबवायचं आणि पुढे काय होईल ते प्रत्येकाकडून एका ओळीत लिहून घ्यायचं. मग पुढे चालवायचं. सोडियम पाण्यात टाकण्यासारखे प्रयोग व्हिडिओवरच बरे. कांद्याचा पातळ पापुद्रा मात्र आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखालीच बघायचा. तिथे व्हिडिओ लावणं म्हणजे मुलांच्या हातचं काढून घेणं.

मांजऱ्या_खडक

मॅडम, तुमची पद्धत चांगली आहे, पण लावायचे कोणते व्हिडिओ? जे सहज मिळतात ते दुसऱ्या मुलखातले असतात आणि इथल्या जमिनीबद्दल चुकीची समजूत पक्की करतात.

भूजलाचं ॲनिमेशन बघा. वर गवत, खाली वाळू आणि गोटे, त्यात निळं पाणी सगळीकडे सारखं भरलेलं. आपल्याखाली बेसॉल्ट आहे. पाणी साठतं ते मुरुमात, मांजऱ्यात (छिद्राछिद्रांच्या बेसॉल्टमध्ये) आणि खडकाच्या भेगा-सांध्यांत. म्हणून एका विहिरीला पाणी लागतं आणि पन्नास पावलांवरचं बोअर कोरडं जातं. तो व्हिडिओ पाहिलेला मुलगा याचं कारण देऊ शकत नाही, उलट जमिनीखाली सलग तळं आहे असं ठामपणे सांगतो. जुन्या, न बांधलेल्या विहिरीच्या कडेला काळी माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण असे थर उघडे दिसतात. कठड्यापासून मागे उभं राहून फोटो घ्यावा, शेजारी खुणा केलेली दोरी सोडावी म्हणजे थरांची जाडी मोजता येते. एक सेंटिमीटरला एक मीटर या प्रमाणात वहीत उभा छेद काढला की झालं.

भूकंपाचं याहून गंभीर आहे. बहुतेक व्हिडिओंत दोन भूपट्ट एकमेकांवर आदळतात आणि कडेला भूकंप होतो. मुलं निष्कर्ष काढतात की आपण कडेला नाही, आपल्याला धोका नाही. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीला जे झालं ते पट्टाच्या आतल्या भागात झालं, सुमारे ६.२ तीव्रतेचा धक्का होता आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. लातूर-धाराशिवच्या वर्गात हे न सांगता पट्टांच्या कडांचा व्हिडिओ दाखवून पुढे जाणं मला अक्षम्य वाटतं. आधी जगाच्या कोऱ्या नकाशावर पट्टांच्या कडा काढून घ्या, मग किल्लारीचा ठिपका द्यायला सांगा. ठिपका कडेपासून किती दूर पडतो ते दिसल्यावर घरं का पडली हा प्रश्न येतोच, आणि चर्चा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींवर आणि वरच्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छपराच्या) वजनावर जाते.

विज्ञानपेटी

तुम्ही दाखवलेला दोष निवडीचा आहे, साधनाचा नाही. नकाशे काय निर्दोष असतात? मोबाईलवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे, आणि ग्रीनलंड भारताहूनही लहान.

दुसरं उदाहरण रोजच्या वापरातलं. नकाशा टीव्हीवर टाकला आणि खाली ‘२ सेंमी = १ किमी’ लिहिलेलं असलं की ते वाक्य त्या क्षणी खोटं होतं, कारण चित्र मोठं झालं. नकाशावर पट्टीसारखं आखलेलं रेषाप्रमाण मात्र चित्राबरोबरच वाढतं, म्हणून ते खरं राहतं. पडद्यावर किंवा मोठ्या केलेल्या झेरॉक्सवर अंतर मोजायचं तर दोरा रेषाप्रमाणावरच धरला पाहिजे. किती वर्गांत हे सांगितलं जातं?

आणि नकाशातली नदी बारमाही निळी असते. उन्हाळ्यात मांजरा नदीचं पात्र कोरडं दिसतं, पुस्तकात ती गोदावरीइतकीच निळी. यासाठी इस्रोच्या भुवन संकेतस्थळासारख्या ठिकाणची उपग्रहचित्रं हवीत. नाथसागराचं (पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं) मे महिन्यातलं आणि ऑक्टोबरमधलं चित्र शेजारी ठेवून किनारा ट्रेस करून घ्या, दोन्ही चित्रं एकाच प्रमाणात. पाणी किती पसरलं हे आलेख कागदावर चौकटी मोजून निघतं.

गोदाकाठ

मॅडम, नाथसागराचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. दोन चित्रांत पाणी वाढलेलं दिसेल, पण पैठणला पाऊस नसतानाही धरण का भरतं हे दिसणार नाही. त्याला गोदावरीचा उगम, नाशिकचे घाट आणि वरची धरणं दाखवणारा खोऱ्याचा नकाशाच लागतो.

तेर_ते_भडोच

इतिहासासाठी दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सोडली आहे. ऐतिहासिक व्हिडिओत पोशाख, घोडे आणि संगीत कोणाच्या तरी कल्पनेचे असतात आणि मुलांना तोच पुरावा वाटतो. नकाशावर पुरावा तपासता येतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं सांगितलं आहे. एवढी दोन वाक्यं फळ्यावर लिहा आणि भारताच्या प्राकृतिक नकाशावर मोजायला लावा. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण ३५० किमी, पैठण ते तेर साधारण १५०. दिवसाला साडेसतरा आणि पंधरा किलोमीटर आले. मालाच्या गाड्यांची चाल म्हणून हे आकडे पटतात, आणि रस्ता वळणाचा असल्याने खरी चाल याहून थोडी जास्तच.

मग दिशा तपासा. पैठण भडोचच्या नेमकं दक्षिणेला नाही, आग्नेयेला आहे. तेरही पैठणच्या पूर्वेपेक्षा दक्षिणेलाच अधिक सरकलेलं आहे. लेखकाने ऐकीव माहिती लिहिली असेल का? की ती वाट निघतानाची दिशा असेल? नववीच्या मुलांना हा वाद पुरतो. कोणताही व्हिडिओ मुलाला लेखकाची चूक पकडायची संधी देत नाही. हे झाल्यावर तेरच्या संग्रहालयातल्या वस्तूंची चित्रफीत खुशाल लावा, तेव्हा ती मुलं डोळे उघडे ठेवून बघतील.

वाडीवस्ती

साधनाचं बोला थोडं. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची जेमतेम ५४ सेंटिमीटर. शेवटची ओळ सहा मीटरवर बसते. तिथून वाचायला अक्षर तीन सेंटिमीटरच्या आसपास हवं, आणि नकाशाच्या व्हिडिओतली गावांची नावं याच्या निम्मीही नसतात. मागची मुलं फक्त रंग बघतात. एकतर वर्ग दोन गटांत बसवा, नाहीतर त्याच नकाशाची प्रत प्रत्येक बाकावर द्या. व्हिडिओ आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर घ्या. ऐन तासाला नेटवर्क गेलं की दहा मिनिटं वाया जातात आणि वर्ग पुन्हा जागेवर येत नाही. पत्र्याच्या खोलीत प्रोजेक्टर तर दुपारी दिसतच नाही. वीज नसेल त्या दिवशी काय करायचं, याचं उत्तर नकाशावाल्यांकडे आहे, व्हिडिओवाल्यांकडे नाही.

विज्ञानपेटी

वीज नाही म्हणून व्हिडिओ नको, हा युक्तिवाद मला पटत नाही. मग वीज मागायची. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा, धडा नकाशावाले कसा शिकवतात ते सांगा. तिथे मुलं सपशेल अडतात. ड्रोनने बालाघाटाच्या कड्यावरून घेतलेलं दोन मिनिटांचं चित्रण दाखवलं की उतार लगेच समजतो.

गोदाकाठ

उतार समजतो, रेषा समजत नाही. ड्रोनच्या चित्रात रेषा नसतातच. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा आपल्या भागाचा नकाशा घ्या, त्यात समोच्च रेषांचं अंतर सहसा २० मीटर असतं. कड्याजवळचा दहा सेंटिमीटरचा चौकोन, म्हणजे पाच किलोमीटर, निवडा. प्रत्येक गटाला एकच रेषा द्या. ती तीन मिलिमीटर जाड पुठ्ठ्यावर उतरवून कापायची, रेषेच्या चढाकडची बाजू ठेवायची, आणि पुढच्या थराची रेषा वर पेन्सिलीने काढूनच चिकटवायचं. नाहीतर थर सरकतात आणि ओढा डोंगर चढतो. नदीच्या जागी रेषेचं टोक चढाकडे वळतं, हे कापताना बोटांनाच कळतं.

एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. या प्रमाणात २० मीटर म्हणजे फक्त ०.४ मिलिमीटर. आपण तीन मिलिमीटरचा पुठ्ठा वापरला म्हणजे डोंगर साडेसात पट उंच केला. हा आकडा प्रतिकृतीच्या पाटीवर लिहून ठेवावा. तुमचं ड्रोनचं चित्रण यानंतर लावा, मॅडम, आणि कडा दिसेल तिथे थांबवून विचारा की पडद्यावरचा हा भाग पुठ्ठ्याच्या कोणत्या थरापासून कोणत्या थरापर्यंत आहे.

विज्ञानपेटी

चालेल. फक्त कापायच्या आधी तीस सेकंद कडा दाखवायचा, कशाचा डोंगर करतोय ते मुलांना ठाऊक असावं म्हणून. एवढं मात्र मी सोडणार नाही.