आवंढा गिळताना कानातला आवाज वाढतच नाही, सोनोट्यूबोमेट्रीत चूक कुठे?

माजिवडा_ऑडिओ:
ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या खोलीत निरोगी प्रौढांची घशाकानाची नळी गिळताना उघडते का, ते आवाजाने तपासतोय (सोनोट्यूबोमेट्री). ७ किलोहर्ट्झचा टोन रबरी बोंडातून एका नाकपुडीत, त्याच बाजूच्या कानात फोमच्या बुचातून माइक, वाचन साउंड लेव्हल मीटरवर. टिंपॅनोग्राम (कानाच्या पडद्याच्या हालचालीचा आलेख) सगळ्यांचा टाइप ए, म्हणजे नॉर्मल, दडे बसण्याची तक्रार नाही. तरी गिळताना काहींची वाढ २ डेसिबलच्या वर जात नाही. नळी उघडल्याचा निकष ५ डेसिबल वाढीचा धरलाय. यांची नळी उघडत नाही म्हणायचं, की ट्रकांचा आवाज आड येतोय?

नेरूळ_सिग्नल:
मीटर 'स्लो'वर आहे का ते आधी बघा. गिळताना नळी उघडी राहते साधारण ०.२ ते ०.५ सेकंद आणि 'स्लो'चा सरासरी काढण्याचा काळ १ सेकंद. ०.३ सेकंद टिकलेली ५ डेसिबलची उडी त्यावर जेमतेम २ दिसते. 'फास्ट'वर, म्हणजे ०.१२५ सेकंदाला, तीच ४.७ च्या आसपास येते. खरं तर मीटर बाजूलाच ठेवा. माइकचा सिग्नल रेकॉर्ड करा, ७ किलोहर्ट्झभोवती बँडपास फिल्टर (तेवढीच पट्टी ठेवणारा) लावा आणि दर १०-२० मिलिसेकंदांची पातळी काढा. ट्रकांची घरघर खालच्या पट्टीतली, ती फिल्टरमध्ये गळून जाते. गिळण्याचा आवाजही बहुतेक ५ किलोहर्ट्झच्या खालीच असतो, म्हणून तर टोन ६ ते ८ चा घेतात.

वाशी_कानघसा:
गळतीही तपासा. बोंड नाकपुडीबाहेर दोन बोटांवर धरून गिळायला सांगा. तरीही उडी आली तर आवाज हवेतून माइककडे जातोय, नाहीतर जबडा हलला की बूच सैल होतंय. कानात मळ असेल तर बूच नीट बसतच नाही. मग टोन बंद आणि चालू ठेवून कानातली पातळी मोजा. फरक १० डेसिबलपेक्षा कमी असेल तर खरी वाढ गोंगाटात बुडते. पण त्यासाठी टोन वाटेल तेवढा चढवू नका, आणि गिळण्यापुरताच चालू ठेवा.

आणखी एक. गिळताना मऊ टाळू वर उचलला जातो, नाकामागची पोकळी बदलते आणि वाढीच्या आधी पातळी क्षणभर खालीही जाऊ शकते. कंठमण्यावर बोट ठेवा, तो वर सरकला की आलेखावर खूण करा. नाहीतर भलताच खड्डा किंवा उंचवटा मोजला जातो.

माजिवडा_ऑडिओ:
मीटर 'स्लो'वरच होता. कोरडा आवंढा की पाण्याचा घोट?

वाशी_कानघसा:
दोन्ही, वेगवेगळे नोंदवून. सलग कोरडे आवंढे गिळवले की तोंड सुकतं आणि गिळणं अर्धवट होतं, म्हणून मध्ये ५ मिलिलिटरचा घोट द्या. दहा वेळा गिळवा आणि दहापैकी कितींदा वाढ आली ते लिहा. आधी नाक शिंकरून घ्या. एक बाजू चोंदलेली असेल तर दुसऱ्या नाकपुडीतूनही करा.

वाजता ट्यूनिंग फोर्क नाकासमोर धरला की गिळताना कानात आवाज मोठा होतो, हे कानाचे डॉक्टर पोलित्झर यांनी १८६९ मध्येच नोंदवलं होतं. पण निरोगी माणसातही दर वेळी वाढ दिसत नाही. शिवाय आवाजावरून नळी उघडल्याचं कळतं. मधल्या कानाचा दाब सारखा झाला की नाही, ते कळत नाही. म्हणून वाढ न दिसलेल्यांची टिंपॅनोमेट्री वाल्साल्वाच्या (नाक-तोंड बंद करून फुंकण्याच्या) आधी आणि नंतर करा. टिंपॅनोग्रामचं शिखर सरकलं, तर नुसत्या सपाट आलेखावरून त्यांच्या नळीला बंद म्हणू नका.